नमुना बिघडला

प्रश्नावलीत सव्वीस प्रश्न होते.
सातवा : सरकारी सूचना आपल्यापर्यंत कशी पोहोचते?
खाली चार चौकटी,
वर्तमानपत्र, रेडिओ, मोबाईल, इतर.

सांगे तालुक्यातला एक वाडा, एकेचाळीस घरं.
ओहोळ आटलेला, पोफळींच्या झावळ्यांवर खाणीची लाल धूळ.
सुरंगा वेळीप दारात बसून फणसाच्या बिया सोलत होती.
प्रश्न तिनं दोनदा विचारायला लावला.
मग म्हणाली, "पावना."

मी मूळची बेळगावची, पणजीत संशोधनाला आलेली.
मला वाटलं, पावणी म्हणते आहे मला, बस म्हणते आहे.
बसले.
ती हसली. "पावना गो. पोचनाच."

सूचना खरोखरच होती.
पंचायतीच्या फळ्यावर, काचेआड, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत :
खाणीचा पट्टा वाढणार, हरकती एकोणीस तारखेपर्यंत.
काचेला कुलूप, किल्ली सचिवाकडे,
सचिव मंगळवारी येतो, कधी येत नाही.
कायद्याच्या दृष्टीनं गावाला सगळं कळलेलं होतं.

मी तिथं राहिले अकरा दिवस.
रोज सकाळी साडेसहाला भोंपू वाजायचा
आणि एकेचाळीस दारं उघडायची.
म्हातारी, पोरं, रात्रीची दारू न उतरलेले,
सगळे पोदेराच्या सायकलीपाशी.
पाव तेवढा पावत होता.

माझ्या चार चौकटींत सायकल नव्हती.

पोदेर म्हणजे दावलसाब, गदगचा, भट्टी दुसऱ्याची.
त्याच्याशी मी कानडीत बोलले,
बऱ्याच महिन्यांनी जिभेला आजोळ भेटलं.
सूचनेचं कोंकणी करून दिलं होतं शाळेतल्या रत्नप्रभाबाईंनी,
'पर्यावरणीय आघात' या शब्दापाशी त्या फार वेळ अडल्या,
शेवटी लिहिलं : तुमच्या उदकाचें कितें जातलें.
दावलसाब म्हणाला, मला वाचता येत नाही,
पण पाव गुंडाळायला कागद लागतोच.

सुनावणीला त्रेसष्ट माणसं गेली.
माझं काम मिनिटं मोजायचं.
कंपनी : दोन तास दहा मिनिटं, पडद्यावर हिरवी झाडं.
अधिकारी : पन्नास.
सुरंगा : तीन मिनिटं चाळीस सेकंद.
त्यातली वीस ध्वनिक्षेपक उंचीला बसवण्यात गेली.
ती ओहोळातल्या कोंडींची नावं सांगत होती,
एकेक, वरपासून खालपर्यंत,
कुठं म्हशी, कुठं बाळंतिणीचे कपडे, कुठं कुणी उतरायचं नाही.
"मुद्द्याचं बोला," साहेब म्हणाले.
तिनं पुढच्या कोंडीचं नाव घेतलं.

इतिवृत्तात एक ओळ आली :
स्थानिकांनी भावना व्यक्त केल्या.

त्या एका ओळीसाठी मी रात्रभर ध्वनिफीत मागेपुढे केली,
नावं उतरवली, सतरा भरली,
नकाशा काढला, तिच्या अंगठ्यासह हरकत म्हणून दाखल केली,
पोच घेतली, शिक्क्याची शाई हाताला लागली.

मार्गदर्शक पणजीत चष्मा पुसत म्हणाले,
बाई, तुम्ही गावाचं मोजमाप करायला गेला होता.
आता गावाला जे माहीत आहे ते तुम्हीच सांगितलेलं आहे.
नमुना बिघडला.
त्यांचं चूक नव्हतं.
पण बिघडायच्या आधी तो नमुना कशाचा होता,
हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही
त्या दिवशी गप्प बसले. शिष्यवृत्तीची सही बाकी होती.

निकाल अजून आलेला नाही.
मागच्या आठवड्यात गेले तर भोंपू वाजवणारा दुसराच पोरगा,
दावलसाबला भट्टीवाल्यानं काढलं.
का, ते कुणी सांगेना.
हे मी कुठल्या प्रकरणात लिहू?

सुरंगानं बियांची पुरचुंडी दिली.
विचारलं, तुझे सव्वीस झाले?
झाले म्हटलं.
"मग म्हजो एक. पोदेराक कोणे सांगिल्लें, आमचें नांव घे म्हणून?"

सव्वापाचची बस वळणावर दिसत होती.
मी वही उघडली, पेन शोधत राहिले.